बिनडाखाचे सोने

माझ्या आईकडे सोन्याचा एकच जुना दागिना उरला आहे : एका वेढ्याचे वेढणे. मूळचे ते तीन वेढ्यांचे, अर्ध्या तोळ्याचे होते. १९६९ साली लालबागच्या एका सोनाराने ते तिच्या डोळ्यांदेखत करून दिले. दोन वेढे १९८२ च्या गिरणी संपात गेले. उरलेल्या एका वेढ्याची टोके मोकळी आहेत आणि ती साडीच्या काठाला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला अडकतात. गेल्या वर्षी माझ्या मुलीने आजीला सहज विचारले, "जोडून का घेत नाहीस?" आई म्हणाली, "जोडायचं असतं तर तेव्हाच जोडलं असतं. डाख लावलेलं सोनं पुरतं आपलं राहत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्याचा अर्थ कधी तपासला नव्हता. यंदा तपासायचे ठरवले.

ज्यांनी वेढणे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चोख सोन्याची जाडसर तार घ्यायची आणि बोटाच्या मापाने दोन, तीन, पाच वेळा गुंडाळायची. खडा नाही, नक्षी नाही, जोड नाही. सराफांच्या दुकानांतून तिला वेढणी म्हणतात, कुठे वळे म्हणतात. चोख सोने मऊ असते, त्यामुळे हाताने दाबून वेढणे सैल किंवा घट्ट करता येते आणि सासूच्या बोटातले सुनेच्या बोटात बसते. मजुरी नाममात्र पडते. मोडायला नेले की तराजूत जे वजन भरते ते सगळे सोनेच असते. वजा करायला खडा नसतो, आत भरलेली लाख नसते आणि डाखही नसतो. बँकेची पायरी न चढलेल्या माणसांचे हे बचत खाते होते आणि ते बोटात घालून फिरता येत असे.

आता डाखाकडे वळू. तारेची दोन टोके जोडायची तर सोनाराला मूळ सोन्याच्या आधी वितळणारे काहीतरी लागते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात तांबे, चांदी, कधी जस्त मिसळले की तो मिश्रधातू त्याच्या बराच आधी पाघळतो. हाच सोन्याचा डाख. त्याचे बारीक तुकडे टाकणखाराच्या पाण्यात भिजवून जोडावर ठेवायचे, दिव्याची ज्योत फुंकणीने दागिन्यावर वळवायची आणि दागिना लालसर होईपर्यंत फुंकत राहायचे. टाकणखार पृष्ठभागावरचा मळ विरघळवतो, आणि मग एका क्षणी डाख पाण्यासारखा चकाकून जोडात ओढला जातो. हा क्षण ओळखणे हेच सोनाराचे कसब. अर्धा क्षण उशीर झाला तर दागिनाच वितळू लागतो. मराठीत या क्रियेला झाळणे असा स्वतंत्र शब्द आहे.

भांडण सुरू होते ते पुढे. डाख दागिन्याच्या वजनात धरला जातो आणि सोन्याच्या भावाने गिऱ्हाइकाकडे जातो. तोच दागिना वर्षांनी मोडायला आला की सोनार डाखाची घट वजा करतो. घेताना जे सोने होते, ते देताना डाख होते. एखाद्या सोनाराने पै-पैचा चोख हिशेब ठेवला तरी हा फरक राहतोच, कारण जोडातला धातू खरोखरच हिणकस असतो. दुसरा एखादा गरजेपेक्षा जास्त डाख भरतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. कसोटीच्या दगडावर दागिन्याची कड घासतात, सांध्याचे पोट कोणी घासत नाही. 'सोनारानेच कान टोचावे' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत सोनाराच्या कसबावरचा विश्वास आहे, आणि त्याच भाषेत सोनारासमोर बसून दागिना करून घेण्याची रीतही आहे. आई लालबागच्या पेढीवर दुपारभर बसून राहिली ती या रीतीनेच.

हा संशय किती जुना आहे, हे कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात दिसते. सोन्याच्या कामावरचा अधिकारी, त्याची अक्षशाला आणि बाजारपेठेतला सौवर्णिक यांच्यावर तिथे सलग प्रकरणे आहेत. कामगारांनी आत जाताना आणि बाहेर पडताना वस्त्रे आणि हात तपासून द्यायचे, हत्यारे आणि अर्धवट काम आतच ठेवायचे, असा दंडक आहे. सोने लांबवण्याचे पाच मार्ग नावानिशी दिले आहेत : तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. त्यातल्या अपसारणाचा एक प्रकार म्हणजे दोन भाग चांदी आणि एक भाग तांबे यांचे 'त्रिपुटक' घालून तेवढे सोने काढून घेणे. चांदी आणि तांबे हेच तर डाखातलेही धातू. म्हणजे प्रामाणिक कामाचे आणि लबाडीचे साहित्य एकच होते. त्यामुळे धातूकडे पाहून निवाडा करता येत नव्हता आणि माणसाची झडती घ्यावी लागत होती.

याच अधिकरणात, आत येणाऱ्या कामगारांच्या यादीत, 'पांसुधावक' म्हणजे धूळ धुणारे येतात. सोनारांच्या दुकानासमोरची माती, राख, झाडलोट गोळा करून ती धुऊन सोन्याचे कण काढणारे आपले झारेकरी त्यांचेच वारस. ज्या धंद्यातला केरही विकत घेतला जातो, तिथे डाखाच्या एका गुंजेवरून वाद व्हायचाच.

राज्यशास्त्राच्या ग्रंथात संशयित म्हणून उभा असलेला हा कारागीर आपल्या जवळच दुसऱ्या रूपात भेटतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सुवर्णकाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाव, गाव आणि धंदा एवढेच त्याने स्वतःबद्दल कोरून घेतले. धंद्याचे नाव लपवावे असे त्याला वाटले नाही.

पुढे पंढरपूरचे संत नरहरी सोनार आपल्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात सोनाराचे दुकानच मांडतात. बागेसरी, मूस, फुंकणे, हातोडा, कातरी, ताजवा हे सारे त्यात आहे, आणि सोन्याची चोरीही आहे. चोरी अर्थातच रामनामाची. लोकांच्या मनातल्या संशयालाच त्यांनी भक्तीच्या कामाला लावले. मला कुतूहल वाटले ते एका गैरहजेरीचे. एवढ्या हत्यारांत डाख नाही, झाळणे नाही. यावरून सिद्धान्त मांडण्याचा माझा विचार नाही, पण आईचे वाक्य डोक्यात असल्यामुळे ते नजरेत भरले.

त्या नजरेने मग मी मराठी दागिन्यांची पेटीच पुन्हा पाहिली. नथीत मोती सोन्याच्या तारेत ओवून, तार पिळून बसवलेले असतात. ठुशी आणि बोरमाळ यांचे मणी धाग्यात गाठवायचे काम सोनाराचे नसून पटवेकऱ्याचे. पुतळीमाळेतल्या पुतळ्यांना कडी मात्र झाळावीच लागते, पण पुतळ्या एकमेकींना धरून असतात त्या धाग्याने. डाखाशिवाय दागिने होत नाहीत हे खरे, पण जिथे तारेने किंवा धाग्याने भागते तिथे आपल्याकडे भागवलेले दिसते. यामागे सौंदर्यदृष्टी असेल, दुरुस्तीची सोय असेल. मला वाटते, मोडताना होणाऱ्या हिशेबाची भीतीही असावी. वेढणे हे या प्रवृत्तीचे टोक आहे. तिथे ना धागा, ना डाख, नुसती तार.

अशी अंगठी गिरणगावात रुजली यात नवल नाही. आमचे घर काळाचौकीला. रेल्वेच्या पलीकडे कॉटन ग्रीनची गोदामे. आज हे स्टेशनचे नाव म्हणून लोकांच्या तोंडी आहे, पण मूळचे 'कॉटन ग्रीन' म्हणजे कोटातले सेंट थॉमस चर्चसमोरचे मैदान. तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असत. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात इंग्लंडला मुंबईचा कापूस हवा होता, आणि त्याच्या बदल्यात या शहरात सोन्याचांदीचा पूर आला. विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीकडे समुद्र हटवून जमीन केली आणि १९२० च्या दशकात कापूस तिथे आला. सोबत नावही आले. त्या गाठी ज्या गिरण्यांत जात, तिथे कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे राबत. त्यांच्या पगारातून उरलेल्या पैशाचे जे काही टिकाऊ होई, ते बहुधा घरच्या बाईच्या अंगावर असे. गावी जाताना बरोबर नेता येईल, अडचणीत कोणत्याही पेढीवर विकता येईल, असे काहीतरी हवे असे. वेढणे या दोन्ही अटींत बसत होते.

जानेवारी १९६३ मध्ये या साध्या व्यवहारात सरकार आले. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. १४ कॅरेट म्हणजे सुमारे ५८ टक्के सोने. गिऱ्हाइके थांबली, हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या, काहींनी आत्महत्या केल्या. या काळावर लिहिताना बहुतेक जण शुद्धतेच्या हट्टाबद्दल बोलतात. वेढण्याच्या बाबतीत अडचण आणखी साधी होती. १४ कॅरेटची तार कडक असते, तिला स्प्रिंगसारखा ताण असतो. बोटाभोवती गुंडाळली तरी ती उलगडू पाहते आणि हाताने दाबून मापात बसत नाही. हा दागिना सोन्याच्या मऊपणावरच उभा असल्यामुळे त्या नियमात तो घडवणेच शक्य नव्हते.

पुढे १४ कॅरेटची अट गेली, पण नियंत्रण राहिले. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला दागिने ठेवायला मुभा दिली, मात्र 'प्राथमिक सोने' बाळगायला बंदी केली. प्राथमिक सोने म्हणजे अपुऱ्या किंवा अर्धवट घडवलेल्या रूपातले सोने, आणि त्याच्या व्याख्येत लगडी, सळया, पत्रे यांच्याबरोबर तारा हा शब्दही आहे. ही व्याख्या प्रथम वाचली तेव्हा मी थबकलो. सोन्याची अर्ध्या तोळ्याची सरळ तार घरात ठेवणे हा गुन्हा, आणि तीच तार तीनदा बोटाभोवती फिरवली की ती दागिना. मध्ये ना साचा, ना डाख, ना मजुरी म्हणावी असे काही. आईचे वेढणे या कायद्याच्या दुसऱ्या वर्षातले. सोनाराने जंतरपट्टीच्या भोकातून तार ओढून काढली, भाजून मऊ केली, आईच्या बोटाचे माप घेऊन गुंडाळली. तार आणि वेढणे यांच्यात फार तर मिनिटभराचे अंतर होते. १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला, तोवर अशी किती वेढणी बोटांत फिरली असतील!

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पन्नासाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आता इतिहासात जमा आहे. त्या दीड-दोन वर्षांत घराघरांतून आधी काय गेले आणि नंतर काय, याचा क्रम मात्र ज्या-त्या घराच्या आठवणीत आहे. आमच्याकडे आधी पितळेची भांडी गेली, मग कानातले. कानातल्यांत डाख होता, घट वजा झाली. वेढणे शेवटी निघाले, आणि तेही एकदम नाही. आईने सोनाराला एकच वेढा कापायला सांगितला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि सोबत गेलो होतो. कातरीचा एक आवाज झाला, तुकडा तराजूत पडला, आणि राहिलेले वेढणे तिने पुन्हा बोटात घातले. काही महिन्यांनी दुसरा वेढा गेला. झाळलेली अंगठी अशी हप्त्याने विकता येत नाही. कापली की ती मोडच होते. तार मात्र कुठेही कापली तरी उरलेली तार पूर्ण असते. बिनडाखाच्या सोन्याचा हा उपयोग कुठल्या पुस्तकात मला आढळला नाही. तो मी पाहिला आहे.

त्यानंतरच्या दशकांत डाखाचा प्रश्न बाजाराने आपल्या पद्धतीने सोडवला. २२ कॅरेटच्या दागिन्याला २२ कॅरेटचाच डाख मिळावा म्हणून सोन्यात कॅडमियम मिसळणे सुरू झाले. ९२ भाग सोने, ८ भाग कॅडमियम. हेच ते दुकानांच्या पाट्यांवरचे 'केडीएम'. गिऱ्हाईक खूश झाले, कारण घट कमी झाली. पण कॅडमियम ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते. सोने झाळण्याच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती फुंकणीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जाते. ही वाफ फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. गिऱ्हाइकाची घट वाचली, तिची भरपाई कारागिराच्या शरीरातून झाली. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कमध्ये कॅडमियमच्या डाखाला स्थान नाही, आणि १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. आईचा उरलेला वेढा काट्यावर एक ग्रॅम ८८० मिलिग्रॅम भरला. त्याला आजही कुणाच्या शिक्क्याची गरज नाही.

डाखाशिवाय जोडण्याची धडपड जगात इतरत्रही जुनीच आहे. प्राचीन इटलीतल्या एट्रस्कन सोनारांनी मोहरीहून बारीक सोन्याचे रवे पत्र्यावर असे बसवले की डाख दिसतच नाही. रोमन लेखक प्लिनी सोनारांच्या मिश्रणात तांब्याचा गंज, क्षार आणि लहान मुलाचे मूत्र सांगतो. हे वाचून शतकानुशतके लोक हसले असतील. १९३३ मध्ये लिटलडेल नावाच्या इंग्रज कारागिराने त्यातले मर्म उलगडून पेटंट घेतले. तांब्याचा क्षार आणि डिंक यांचा लेप तापला की डिंकाचा कोळसा होतो, कोळसा क्षारातून तांबे मोकळे करतो, आणि सोने व तांबे जिथे भेटतात तेवढाच बिंदू नऊशे अंशांच्या जवळपास वितळतो. बाकीचे सोने जागचे हलत नाही. डाख घालावाच लागला, पण डोळ्याला न दिसण्याइतका.

आता तोही लागत नाही. कॉटन ग्रीन स्टेशनच्या पश्चिमेला एका गाळ्यात हुगळीकडचा एक कारागीर चांदीच्या वस्तूंची दुरुस्ती करतो. त्याच्याकडे दागिन्यांचे छोटे वेल्डिंग यंत्र आहे, जुन्या रेडिओएवढे. शेजारी आर्गॉन वायूचे नळकांडे. आईचे वेढणे घेऊन मी त्याच्याकडे गेलो, पण त्याला आधी मुलीच्या मापाची चांदीची अंगठी करायला सांगितले. पाहायचे होते ते जोडणे.

दीड मिलिमीटरची तार त्याने भाजून मऊ केली, मापाच्या निमुळत्या पोलादी दांड्यावर वळवली, कापली आणि दोन्ही टोके कानशीने अशी सपाट केली की मिटल्यावर मधून उजेड दिसू नये. "अर्धं काम इथंच आहे, काका," तो म्हणाला. "फट राहिली तर यंत्र काही करू शकत नाही." मग अंगठी यंत्राच्या चिमट्याला जोडून त्याने चक्क बोटांत धरली, भिंगाखाली नेली आणि टंगस्टनच्या टोकदार सुईला अलगद टेकवली. आर्गॉनची बारीक फुसफुस झाली, सुई आपोआप मागे सरली, 'टिक्' असा आवाज आणि ठिणगी. त्या क्षणापुरते भिंग स्वतःहून काळे झाले. ठिणगी सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती असते. तेवढ्यात टाचणीच्या डोक्याएवढी चांदी वितळून परत गोठते. चांदी उष्णता फार पटकन पसरवते म्हणून तिला सोन्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो, हे त्याने सांगितले. आर्गॉन हवेला दूर ठेवतो. तो नसेल तर जोड काळा आणि ठिसूळ होतो. एकावर एक अर्धे चढलेले ठिपके देत तो सांध्याभोवती फिरला. जिथे खळगा पडला तिथे त्याच तारेचा तुकडा वितळवून भरला. हातोडीने हलके ठोकले, कानस, पॉलिश. फुंकणी नाही, टाकणखार नाही, लाल तापणे नाही, धूर नाही. कानशीचा कीस त्याने ब्रशने झाडून खणात जमा केला. झारेकऱ्याचा हिशेब तेवढा तसाच आहे.

मी अंगठी घरी आणून आईच्या हातात दिली. तिने जोड शोधला. तिला तो सापडला नाही.

"यात काय घातलं?"

"काही नाही. तारेतच तार."

"म्हणजे मोडताना वजा काही होणार नाही?"

"नाही."

"मग सोनार भांडणार कशावरून?" ती हसली.

मी तिचे वेढणे जोडायचे का, असे विचारले. त्यात आता डाखाची अडचण नव्हती. दोन हजार वर्षे ज्या जागेवरून हिशेब फिसकटत आला, ती जागाच या ठिणगीने पुसली होती. मला वाटले होते, ती हो म्हणेल. तिने वेढणे बोटातून काढले, अंगठ्याने थोडे उघडले, माझ्या मुलीच्या बोटात घातले आणि दाबून मिटवले. ते बसले.

"ही तुझी चांदीची एकाच मापाची," ती म्हणाली. "याला अजून किती बोटांत जायचंय कोणास ठाऊक."

टोके अडकत होती, तेवढी दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर नेऊन गोल घासून आणली. कारागिराने त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि वेढणे पुन्हा काट्यावर ठेवून वजन दाखवले.